काचेवरची पांढरी रेघ

घरात मासे पाळणाऱ्या प्रत्येकाच्या टाकीत, पाण्याच्या पातळीलगत, एक पांढरी खरखरीत रेघ कधी ना कधी उमटतेच. ओल्या फडक्याने ती जात नाही. नखाने खरवडली तर थोडी भुकटी निघते आणि पंधरवड्यात पुन्हा तिथेच हजर. झाकणाच्या कडेला, हीटरच्या नळीवर, हवेच्या दगडाच्या छिद्रांत, फिल्टरच्या तोंडाशी तोच थर दिसतो. बहुतेक जण त्याला सफाईचे काम समजतात आणि घासून मोकळे होतात. वाचकांना विनंती अशी, की पुढच्या वेळी घासण्याआधी तिच्याकडे जरा थांबून पाहावे. आपल्या नळाला कुठले पाणी येते, उन्हाळ्यात टाकीतून किती उडून जाते आणि आपण त्याची भरपाई कशाने करतो, हे सारे त्या रेघेत जमा झालेले असते.

मासे घ्यायला दुकानात गेलो की बोलणे होते ते खाद्याचे, दिव्याचे, रोगावरच्या निळ्या-पिवळ्या औषधांचे. पाण्याविषयी एकच सूचना मिळते: नळाचे पाणी रात्रभर बादलीत ठेवून शिळे करा. क्लोरीन उडून जावा म्हणून ती सूचना योग्यच आहे. पण मासा ज्यात जन्मभर राहणार, त्या पाण्याविषयी एवढ्यावर भागत नाही. पाण्याचा जडपणा हा विषय वाटतो तितका अवघड नाही आणि आपल्याकडच्या लोकांना तो अपरिचितही नाही.

कोणत्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, कोणत्या आडाच्या पाण्याला साबण लावून लावून फेस येत नाही, कोणत्या पाण्याने अंघोळ केली की केस राठ होतात, हे गावातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या ओळखत आल्या आहेत. डाळीचे दाणे टणक राहतात, कारण पाण्यातले कॅल्शियम दाण्याच्या पेशींना घट्ट धरून ठेवते. साबणाला फेस येत नाही, कारण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून त्याचा चोथा करतात. १८४१ साली पाणी मऊ करण्याच्या कृतीचे पेटंट घेणारे ॲबर्डीनचे रसायनशास्त्रज्ञ थॉमस क्लार्क यांनी जडपणा मोजायला हेच तत्त्व वापरले: पाण्यात साबणाचे द्रावण थोडे थोडे सोडायचे, हलवायचे आणि फेस टिकून राहीपर्यंत किती द्रावण लागले ते नोंदवायचे. विहिरीवरच्या परीक्षेला त्यांनी अंक जोडले, इतकेच. पुढे १९४० च्या दशकात झुरिकच्या गेरोल्ड श्वार्त्सेनबाख यांनी कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून ठेवणाऱ्या रसायनावर आधारलेली अधिक अचूक पद्धत रूढ केली. आज मासेवाल्याच्या दुकानात मिळणारी थेंबांची बाटली ही तिचीच धाकटी आवृत्ती. पाच मिलिलिटर पाण्यात थेंब टाकत जायचे, लालसर रंगाचा हिरवा झाला की थांबायचे. जितके थेंब तितके अंश.

हे अंश जर्मन पद्धतीचे आहेत. एक अंश म्हणजे लिटरमागे सुमारे १७.९ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका जडपणा. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पाण्याचे सरकारी आणि प्रयोगशाळेचे अहवाल मिलिग्रॅममध्ये बोलतात आणि मासे पाळणारे अंशांत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. अंशांत सांगायचे तर साधारण ११ आणि ३३. माणसाला दोन्ही पाणी पिता येते. माशाच्या दृष्टीने मात्र हे दोन वेगळे देश झाले.

नवख्या वाचकाचा पहिला गोंधळ होतो तो इथे, कारण बाटल्या दोन असतात. एकीवर जीएच, दुसरीवर केएच. जीएच म्हणजे एकूण जडपणा, अर्थात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम किती. केएच म्हणजे बायकार्बोनेट आणि कार्बोनेट किती, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, तिची क्षारता. जीएच माशाच्या शरीराशी बोलतो आणि केएच पाण्याच्या पीएचला जागेवर धरून ठेवतो. बहुतेक विहिरींत दोन्ही सोबत येतात, कारण चुनखडीतून विरघळताना कॅल्शियम आणि बायकार्बोनेट एकत्रच सुटतात. म्हणून लोक त्यांना एकच समजतात. पण आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात केएच १६ ते १८ अंश आणि जीएच त्याहून बराच कमी, १० च्या आसपास असतो, कारण तिथले बरेचसे बायकार्बोनेट सोडियमच्या जोडीने आले आहे. पीएच तिथे ९ च्या घरात. तिथले मासे ठेवायला ‘जड पाणी पाहिजे’ एवढेच सांगणारा अर्धेच सांगतो.

टीडीएसच्या, म्हणजे विरघळलेल्या एकूण क्षारांचा आकडा दाखवणाऱ्या पेनाविषयीही स्पष्ट बोलायला हवे. तो स्वस्त आहे, पाण्यात बुडवला की आकडा दाखवतो, आणि म्हणूनच त्याच्यावर नको तितका विश्वास बसतो. पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढेच तो मोजतो. विरघळलेले क्षार कोणते, याची त्याला कल्पना नसते. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्यातला खारपाण पट्टा घ्या. तिथल्या बोअरच्या पाण्यात पेन बुडवला तर आकडा खूप वर जाईल. पण त्यातला मोठा वाटा सोडियमच्या क्षारांचा असतो. पेन पाहून ‘हे पाणी जड आहे, जड पाणी आवडणारा मोली मासा मजेत राहील’ असा निष्कर्ष काढला तर तो बरोबर निघेलच असे नाही. पेन उपयोगी पडतो तो रोजच्या बदलावर नजर ठेवायला: परवा ३२०, आज ३९०, म्हणजे काहीतरी चालले आहे. काय चालले आहे, ते थेंबांनाच विचारावे लागते.

महाराष्ट्रात राहणाऱ्याला या अभ्यासासाठी दूर जावे लागत नाही. राज्याचा चार-पंचमांशाहून अधिक भाग बेसॉल्टचा, आपल्या काळ्या पाषाणाचा. त्यावर पडलेला पाऊस धरणात साठला आणि तिथून थेट नळाला आला, तर त्याचा खडकाशी फारसा संबंधच आलेला नसतो. भातसा-तानसा-वैतरणेचे मुंबईचे पाणी किंवा खडकवासल्याचे पुण्याचे पाणी म्हणूनच मऊ. तोच पाऊस काळ्या मातीतून, चुनखडीच्या गोट्यांमधून झिरपत बोअरमध्ये उतरला की जड होतो. एकाच उपनगरात, एकाच रस्त्यावर, पालिकेचे पाणी पिणारी सोसायटी आणि टँकरवर जगणारी सोसायटी यांच्या पाण्यात यामुळेच जमीन-अस्मानाचा फरक पडतो. चंद्रपूर-यवतमाळच्या काही भागांत तर खाली चुनखडकच आहे. सिमेंटचे कारखाने त्याच्यावरच उभे राहिले. उलट कोकणात जांभ्यातल्या विहिरीचे पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते. समुद्रालगतच्या विहिरीत खारे पाणी शिरले असेल तर गोष्ट निराळी.

आता त्या रेघेकडे वळू. टाकीतून पाणी उडते तेव्हा नुसते पाणीच उडते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, सगळे मागे राहते. उरण-भाईंदरच्या मिठागरांत जे मुद्दाम करतात, तेच आपण दिवाणखान्यात नकळत करत असतो. काचेच्या कडेला पाण्याचा पातळ थर सुकतो, बायकार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट पांढऱ्या थराच्या रूपाने तिथेच बसते. गीझरच्या कॉइलवर बसतो तो थरही हाच. रेघ दिसते म्हणून तिचा राग येतो. पण दिसत नाही ते पाण्यातले वाढत जाणारे प्रमाण अधिक महत्त्वाचे.

थोडा हिशेब करू. शंभर लिटरची टाकी आहे. एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली, झाकण नसताना, आठवड्याला दहा लिटर पाणी सहज उडेल असे धरा. नळाच्या पाण्याचा जडपणा लिटरला ४०० मिलिग्रॅम. पातळी खाली गेली की आपण त्याच पाण्याने टाकी भरतो आणि दर आठवड्याला चार ग्रॅम क्षार आत टाकतो. चार आठवड्यांत सोळा ग्रॅम. म्हणजे लिटरला १६० मिलिग्रॅमची भर, नऊ अंशांची. टाकी काठोकाठ भरलेली, पाणी काचेसारखे स्वच्छ, आणि तरी महिन्याभरापूर्वीच्या पाण्याहून ते कितीतरी निराळे झालेले.

वाचकांनी या लेखातून एकच गोष्ट घ्यायची ठरवली, तर ती ही घ्यावी: पाणी भरणे आणि पाणी बदलणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. वरच्याच टाकीतून आठवड्याला पंचवीस लिटर जुने पाणी काढून तेवढे नवे घातले, उडालेले दहा लिटरही त्याच नळाने भरले, तरी जडपणा वाढत वाढत ५६० च्या आसपास येऊन थांबतो. पस्तीस लिटरबरोबर जितके क्षार आत येतात तितकेच पंचवीस लिटरबरोबर बाहेर जाऊ लागतात, म्हणून. बदल दहाच लिटरचा ठेवला तर हा मुक्काम ८०० वर जातो. आणि उडालेल्या पाण्याची भर आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने घातली, तर वाढ जवळजवळ होतच नाही; नळाचे पाणी फक्त बदलासाठी वापरायचे. इतक्या साध्या व्यवस्थेने जे साधते, ते महागड्या बाटल्यांनी साधत नाही.

केएचची गत नेमकी उलटी आहे आणि या विषयातला सर्वांत रंजक भाग मला तोच वाटतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे काम करताना आम्ल तयार होते आणि ते पचवण्यात बायकार्बोनेट खर्ची पडते. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनामागे सुमारे सात ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता जाते. म्हणजे ज्या टाकीत नुसती भर चालते आणि नळाचे पाणी मऊ आहे, तिथे बरेच महिने सगळे छान दिसते आणि आतल्या आत केएच शून्याकडे घसरत असतो. तो संपला की पीएच कोसळतो, जिवाणू मंदावतात, अमोनिया साचू लागतो. आम्लधर्मी पाण्यात हा अमोनिया बहुतांशी कमी विषारी अमोनियमच्या रूपात असतो, म्हणून मासे तग धरून राहतात. अशा वेळी मालकाला एकदम जाग येते आणि तो अर्धी टाकी नव्या पाण्याने भरतो. पीएच वर चढतो, अमोनियमचा अमोनिया होतो आणि रात्रीत मासे जातात. दोष नव्या पाण्यावर ठेवला जातो. अशा जुन्या टाकीत पाणी बदलायचे ते दिवसाआड थोडे थोडेच.

केएच फारच कमी निघाला तर खाण्याचा सोडा कामी येतो. शंभर लिटरला तीन ग्रॅम सोड्याने केएच सुमारे एक अंशाने वाढतो. एका दिवसात याहून जास्त वाढवू नये. धुण्याचा सोडा हा वेगळा पदार्थ आहे आणि तो टाकीत चालत नाही. तसेच गढूळ पाणी निवळावे म्हणून तुरटी फिरवण्याची आपली जुनी सवय टाकीपासून लांब ठेवलेली बरी. तुरटी क्षारता खाते आणि मऊ पाण्यात ती आधीच थोडी असते.

माशाला या आकड्यांशी काय देणेघेणे? गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. त्यामुळे कल्ल्यांतून पाणी सतत आत शिरत राहते आणि मासा ते पातळ मूत्रावाटे सतत बाहेर टाकत राहतो. पाण्यातले कॅल्शियम कल्ल्यांची गळती आवरायला मदत करते. प्रत्येक जातीचे शरीर आपल्या मूळ पाण्याच्या हिशेबाने बेतलेले असते, आणि पाणी हळूहळू बदलले तर बऱ्याच जाती हा हिशेब नव्याने मांडूही शकतात. अचानक बदलले तर नाही. दुकानातली पिशवी पंधरा मिनिटे टाकीत तरंगत ठेवल्याने तापमान जुळते, जडपणा जुळत नाही. त्यासाठी मासे बादलीत काढून, हवेच्या बारीक नळीला सैल गाठ मारून, टाकीचे पाणी तासभर थेंबथेंब त्यात सोडावे.

जाती निवडताना आपल्या नळाशी भांडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल ही पिल्ले देणारी मंडळी जड पाण्यात खुलतात. गप्पी तर आपल्याकडे आरोग्य खात्याचा मासा. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून विहिरी-हौदांत सोडलेला. १८६६ साली त्रिनिदादहून त्याचे नमुने ब्रिटिश म्युझियमला पाठवणाऱ्या रॉबर्ट गप्पी यांचे नाव त्याला चिकटले आणि मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्यातही तो सुखाने नांदतो. दुसऱ्या टोकाला ॲमेझॉनच्या खोऱ्यातली रिओ नेग्रो नदी, जिच्या चहासारख्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच. कार्डिनल टेट्रा तिथला. डिस्कसही ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या मऊ पाण्याचाच मासा. पण दुकानातले बरेच शोभेचे मासे कोलकाता किंवा चेन्नई परिसरात पैदास झालेले असतात. नदीतल्या पूर्वजांचे पाणी पुस्तकातून शिकावे आणि हातातल्या माशाचे पाणी दुकानदाराला विचारावे. मध्यम जड पाण्यात निऑन टेट्रा जगतो, रंगही धरतो. त्याची अंडी मात्र तिथे सहसा फळत नाहीत. नुसते ठेवायचे की पैदास करायची, यावर उत्तर बदलते.

टाकीत ठेवलेला दगडही पाण्यात भर घालतो. संगमरवराचे तुकडे, शिंपले, पोवळी, कोकणच्या किनाऱ्यावरची शिंपल्यांची भुगी मिसळलेली वाळू, हे सगळे मऊ पाण्यात हळूहळू विरघळून जडपणा वाढवतात. काळा पाषाण एरवी निरुपद्रवी. पण त्याच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक भरलेले असतात. नाशिक, पुणे, जळगावकडचे हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मानाने मांडलेले दिसतात. त्यांतले काही झिओलाइट, काही कॅल्साइट. घाटातून उचलून आणलेल्या अशा दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाकून जवळून पाहावे: कॅल्साइट असेल तर बारीक बुडबुड्यांची साखळी निघते, झिओलाइट ढिम्म राहतो. बुडबुडे आले तर तो दगड टांगानिकावाल्याला भेट द्यावा.

पाणी मऊ करण्याच्या उपायांत आरओ आणि पाऊस हे दोनच मला भरवशाचे वाटतात. पहिल्या दोन-चार सरी वाहून जाऊ द्याव्यात, मग स्वच्छ गच्चीवरचे पाणी साठवावे. दोन्हींमध्ये क्षार जवळपास नसल्यामुळे ते नुसते वापरू नये, नळाच्या पाण्यात मिसळावे; निम्मे-निम्मे केले की जडपणा निम्मा. उकळल्याने बायकार्बोनेटचा तेवढा जडपणा खाली बसतो, सल्फेट-क्लोराइडचा तसाच राहतो. इमारतीला बसवलेले पाणी मऊ करणारे यंत्र कॅल्शियमच्या जागी सोडियम देते; गीझरला ते सोयीचे, माशाला नाही. देशी बदामाची वाळलेली पाने पाण्याला सुंदर तांबूस रंग देतात, पण जडपणावर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. आणि ‘पीएच डाऊन’ची बाटली जास्त केएचच्या पाण्यात ओतली, तर एक-दोन दिवसांत पीएच पुन्हा जवळपास मूळ जागी येतो, मधल्या चढउतारांचा त्रास तेवढा माशाला होतो.

राहता राहिली सफाई. पाण्याची पातळी रेघेच्या खाली दोन बोटे आणावी, फडके निम्म्या-निम्म्या व्हिनेगर-पाण्यात भिजवून थरावर दहा मिनिटे चिकटवून ठेवावे, मग पुसून पुन्हा साध्या ओल्या फडक्याने पुसावे. थर जुना असेल तर दाढीचे पाते तिरपे धरून चालवावे. टाकी ॲक्रिलिकची असेल तर पाते अजिबात नको. फिल्टरची मोटर घरघरू लागली तर बटण बंद करून, प्लग काढून, आतले पाते लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर बुडवून स्वच्छ धुवावे. फिल्टरचा स्पंज मात्र टाकीच्याच पाण्यात पिळावा; तिथे जिवाणूंची वस्ती आहे. पानांवर पांढरी खरखर दिसली तर पुसत बसू नये. व्हॅलिसनेरिया आणि हायड्रिला जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेतात आणि मागे कॅल्शियमचा थर सोडतात. ती त्यांच्या वाढीची खूण आहे.

वाचकांनी सुरुवात साध्या वहीने करावी. नळाच्या पाण्याचा जीएच आणि केएच एकदा, टाकीच्या पाण्याचा दर रविवारी, शेजारी तारीख आणि किती पाणी काढले, किती भरले. दोन महिन्यांच्या नोंदींत तुमच्या टाकीचा स्वभाव कळू लागतो. कोळंबीची कात अडकणे, गोगलगायीचे शंख झिजणे, डिस्कसची पैदास हे पुढचे विषय या नोंदी हाताशी असल्या की आपोआप सोपे होतात. आणि नळाचे मोजमाप कायमचे झाले असे समजू नये. जूनमधले धरणाचे पाणी आणि मेमधले टँकरचे पाणी एकाच तोटीतून येते. सोसायटीच्या आवारात पहिला टँकर उभा राहिला, की त्या आठवड्यात पाणी बदलण्याआधी पुन्हा थेंब मोजावेत.